विमान कंपनीचं स्थळ आणि पोह्यांचा डबा

मुलगी दाखवायला आम्ही मुंबईला गेलो होतो. स्थळ आखातातल्या एका विमान कंपनीचं होतं. लोक त्याला हवाई सुंदरीची मुलाखत म्हणतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, पण ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांना आजही उपयोगी पडेल.

माझी सुनंदा बीए झालेली आणि उंच. त्या उंचीपायी आमच्या भुकूम गावाच्या आसपासची सगळी स्थळं माघारी गेली. एक सासरा तर म्हणाला, "पोरगी झ्याक हाय, पर आमच्या पोराच्या टोपीवरनं बघती." मग पेपरात जाहिरात आली, उंच मुली पाहिजेत. तिच्या उंचीची अशी उघड मागणी पहिल्यांदाच झाली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला, तेव्हा आमच्याकडे चोरी झाली की आम्हीच केली, यावर गावात दोन तट पडले.

मी निश्चिंत होते. आजवर सगळ्यांनी नाकारली, हेही नाकारतील आणि पोर माझ्याजवळ राहील, हा माझा हिशेब. बोलणी करायला मामा लागतो म्हणून माझा भाऊ सोपान कोट-टोपी घालून आला. पोहे मुलीकडच्यांनी द्यायचे असतात, म्हणून मी डबा भरला.

सकाळच्या पौडच्या एसटीने स्वारगेट गाठलं. ह्याच गाडीवर आमचे हे कंडक्टर होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेला कंडक्टर तिकीट देताना अजून माझ्याकडे बघत नव्हता. पुढे मुंबईची एसटी. खंडाळ्याचा घाट बघण्यासारखा आहे म्हणतात. ताम्हिणी बघितलेल्यांनी झोप काढली तरी चालेल. खोपोलीला वडा मात्र खावा. दादरहून टॅक्सी केली. मुलाखतीच्या हॉटेलात चहा पिऊ नये, तेवढ्या पैशांत माणूस पुण्याला परत येतो.

सुनंदाला आत नेलं. चालवून बघितली, दात बघितले, हातावर डाग आहेत का बघितलं. आमच्याकडे निदान बसायला पाट देतात. आम्ही बाहेर बसलो. दाराशी कंपनीची एक मराठी मुलगी होती. सोपानने बोलणी सुरू केली.

"ताई, पोरीला ठेवणार कुटं?"

"कंपनीच्या घरात, मामा. दुसऱ्या मुलींबरोबर."

"कायमची?"

"नाही. व्हिसा कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की व्हिसा गेला. लग्न केलं तरी नोकरी जाते."

लग्न झालं की घराबाहेर काढणारं सासर मी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हंजी नांदवणार, पर घरची म्हणणार न्हाई," सोपान म्हणाला.

ती हसली. "काही जणी तिथून कॅनडासाठी अर्ज करतात. ते ज्याचं त्याने करायचं, कंपनी त्यात नाही. आणि टिकली तर पुढे पर्सर होईल. म्हणजे विमानातल्या माणसांवरची मुख्य. प्रवाशांचं सगळं तिच्याकडे."

"कंडक्टरच की मग," सोपान म्हणाला. मी डब्याचं झाकण घट्ट केलं.

आत सुनंदाला विचारलं होतं, प्रवासी भांडायला लागला तर काय कराल? ती म्हणाली, "वडील सांगायचे, भांडणाऱ्याला आधी बसायला जागा द्यावी. उभा माणूस जास्त भांडतो."

तिथल्या तिथे पसंती आली. वर मुलाखत घेणाऱ्या गोऱ्या बाईंनी सोपानच्या आग्रहावरून चमचाभर पोहे खाल्ले. "जमली सोयरीक," सोपान म्हणाला. माझा हिशेब तिथेच चुकला.

रात्र पुण्याला नणंदेकडे काढून दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. भुकूम आल्यावर कंडक्टरने एक बेल दिली, गाडी थांबली. मी आणि सोपान उतरलो. सुनंदा दारातच थांबली, वर हात केला आणि दोरी दोनदा ओढली. लहान असताना ह्यांनी उचलल्याशिवाय तिचा हात तिथवर जायचा नाही. ती खाली उतरली, गाडी निघाली. कंडक्टरने तेव्हा माझ्याकडे बघितलं.

पुढे ती पर्सर झाली, मग रीतसर अर्ज करून कॅनडाला गेली. तिथली दारं उंच असतात म्हणते. मी भुकूमलाच आहे. घाट विसरले, हॉटेल विसरले. ते दुपारचं उतरणं तेवढं राहिलं.

एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. एकच द्यावी असं माझ्याही मनात आलं होतं. पण माझी उंची बेताची.