सिस्टरबाईंच्या घराची गादी

गादीच्या कारखान्यात काम केलं की कापसाचे तंतू केसात, भुवयांत, अगदी डब्यातल्या भाजीतसुद्धा सापडतात. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी पदरावर पुन्हा आहेतच! किस्स्यांचंही तसंच असतं. दारव्ह्याला सलीमभाईंच्या गादी-रजईच्या कारखान्यात मी अकरा वर्षं शिवणकाम केलं. आता लग्नकार्यात जुन्या ओळखीचं कोणी भेटलं की एखादा किस्सा कुठूनतरी निघतोच.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नव्हतं. पत्र्याचं शेड, कापूस पिंजायचं एक यंत्र आणि आम्ही चौघं: सलीमभाई, त्यांची बायको रेहानाभाभी, वंदना आणि मी. पण सगळ्यात जास्त किस्से एकाच कामाचे आहेत. त्या एका हिवाळ्यात मला जेवढे धक्के बसले, तेवढे बाकी सगळ्या आयुष्यात मिळून बसले नसतील.

* * *

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टरबाई काठी टेकत कारखान्यात आल्या. गावात निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली, त्यामुळे सलीमभाई उठूनच उभे राहिले.

"सलीम, गादी पाह्यजे."

"बैठो ना सिस्टरबाई. साईज बोलो. सिंगल के डबल?"

"बारा बाय अठरा."

सलीमभाईंनी टेप काढला, मग तसाच खिशात ठेवला. "बारा बाय अठरा... फूट? इतना कौन सोएगा?"

"कोनी नाही झोपणार. घराखाली लावाची हाय."

आमची मशीन थांबली. वंदनाच्या हातातली सुई तशीच राहिली.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं घर गावाबाहेर टेकाडावर. कोण्या लाकूड-व्यापाऱ्यानं बांधलेलं, वाळवी लागू नये म्हणून दगडी खांबांवर उचललेलं, वर सागाच्या फळ्यांची जमीन. खाली दीड हात पोकळी. पौषात त्या पोकळीतून वारा असा शिरतो की फळ्यांवर पाय ठेवता येत नाही. आमच्याकडचा उन्हाळा एवढा नावाजलेला, की थंडीवर बाहेरच्यांचा विश्वासच बसत नाही. पण मागच्या हिवाळ्यात सिस्टरबाईंना न्यूमोनिया झाला आणि पंधरा दिवस दवाखान्यात राहावं लागलं.

मुलगा प्रकाश कॅनडात. त्यानं फोनवर बजावलं होतं, "आई, तुझ्या घराला खालून काही नाही. इथे बर्फात सगळे घराखालची पोकळी भरून घेतात. यंदा मी जानेवारीत येतो. तोवर रोज सकाळी खोलीत अठरा डिग्री राहिलं तर राहा तिथे. एक दिवस जरी खाली गेलं, तर घर विकायचं आणि माझ्यासोबत यायचं!"

"मले जायाचं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

सलीमभाईंनी टेप पुन्हा बाहेर काढला. मग फार गंभीरपणे विचारलं, "तकिये भी लगेंगे क्या?"

* * *

माप घ्यायला खाली कोण जाणार? सलीमभाई खांद्यापर्यंत गेले आणि पोटाशी अडकले. भाभींचे गुडघे दुखायचे. वंदना म्हणाली, "मले अंधाराचं भेव वाटते." उरले मी!

तोंडात बॅटरी, हातात टेप, पोटावर सरपटत निघाले. वरच्या फळ्यांच्या फटीतून पडलेलं काय काय तिथे होतं! दोन चमचे, कंगवा, औषधाची बाटली. बिचाऱ्या सिस्टरबाईंना प्रत्येक वस्तू वर ओरडून सांगत होते. तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात काहीतरी चमकलं. पांढरं, लांब, हलकं.

"अगं बाई! सापाची कात आहे इथे!"

वरून वंदना म्हणाली, "घाबरू नको ताई. कात काही करत नाही."

मी म्हटलं, खरंच आहे. आणि पुढे सरकले.

मग वंदनानं विचारलं, "पण मंग साप कुठं हाय?"

सरळ सरपटत जायला मला दहा मिनिटं लागली होती. उलटी सरपटत किती वेळात बाहेर आले ते कोणी मोजलं नाही, पण भाभी अजून सांगतात, "सुनंदा तो ट्रेन के जैसी पीछे आई!"

* * *

ती कापसाला भाव नसलेली वर्षं. पुढे भाव वाढेल या आशेनं लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. वंदनाकडे तर खाटेखाली कापूस, देवघरात कापूस, स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर सोडून कापूस. घरातली सगळी माणसं अंग खाजवत बसायची.

नेमके तेव्हा सलीमभाई एकटेच आर्णीला भाचीच्या लग्नाला गेले, चार दिवसांसाठी. वंदना म्हणाली, "त्याईची वाट काहून पाहाची? आमचा कापूस नेऊ. सिस्टरबाईचं काम होईन, अन् मले घरात पाय पसरायले जागा होईन."

मलाही पटलं. तिघींनी मिळून सरकीसकट कापूस पोत्यांत दाबून दाबून भरला आणि पोती घराखाली ढकलली. तिच्या घराचं छत अवकाळी पावसात गळलं होतं, कापूस जरा दमट होता. पण वाळेल आपोआप, असं आम्हाला वाटलं. माझी दहावी झाली आहे, मला तरी समजायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत एकवीस डिग्री! तिसऱ्या दिवशी चोवीस! सिस्टरबाई अनवाणी फिरू लागल्या. "पोरींनो, पाय शेकून राह्यले माहे!" त्यांनी प्रकाशला फोन केला. तो तिकडे चकितच झाला. "चोवीस? शेगडी न लावता? आई, नक्की काय भरलंय त्यांनी?"

चौथ्या दिवशी मांजर घर सोडून अंगणात जाऊन बसली. फळ्यांना हात लावला तर तव्यासारख्या. आणि एक उग्र, आंबूस वास.

सलीमभाई आर्णीहून आले ते थेट तिथेच. फटीला नाक लावलं आणि असे ओरडले की शेजारचे धावत आले. "निकालो! सब निकालो! गीला कपास गरम होता है, मालूम नहीं? घर जल जाएगा!"

पोती ओढून काढली. एक फोडलं तर आतून वाफा, चहाच्या भांड्यासारख्या! मधला कापूस तपकिरी पडला होता.  आपल्या हातानं आपण काय करून ठेवलं होतं!

तेवढ्यात घरात फोन वाजला. प्रकाशच होता. सिस्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आजचं टेम्परेचर? थांब रे जरासा. लोकं पानी मारून राह्यले."

* * *

मग प्रकाशनं पोकळी कशी भरायची त्याचे कागद कुरियरनं पाठवले. आधी मातीवर प्लास्टिक अंथरा, म्हणजे ओल वर येणार नाही. एवढं मोठं प्लास्टिक आणायचं कुठून? सलीमभाईंनी निवडणुकीचे जुने फ्लेक्स मिळवले, चांगले जाड. भाभी आणि वंदनानं ते बाहेरून आत सरकवले. नीट पसरवायला खाली जायची पाळी अर्थात माझीच.

आत गेले, बॅटरी लावली, आणि जी किंचाळले! नाकापासून वीतभर अंतरावर एक अवाढव्य चेहरा. दात दाखवून हसतोय, दोन्ही हात जोडलेले!

"काय झालं? काय झालं?" वरून सगळे.

"माणूस आहे! फोटोतला माणूस आहे!"

वंदनानं वाकून पाहिलं, ओळखलं आणि म्हणाली, "राहू दे ताई तसाच. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच लोकायच्या पायापाशी आला!"

* * *

खरं काम मग सुरू झालं. सरकी काढलेला, कडकडीत वाळवलेला कापूस सलीमभाईंनी पिंजून दिला. त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळला. आम्ही तिघींनी चार बोटं जाडीच्या गाद्या शिवल्या, दर वीतभर अंतरावर टाका. त्या खालून फळ्यांना लाकडी पट्ट्यांनी ठोकायच्या. एवढं ठोकायला माणूस दणकट हवा, म्हणून सलीमभाईंसाठी एका बाजूची माती खणून काढली. ते उताणे झोपून ठोकत आणि सिस्टरबाई वरून काठी आपटून जागा दाखवत. "इथं हवा येते सलीम. इथं!"

सलीमभाईंनी "इथं" खिळा मारला. जरा जोरात.

वर मी सिस्टरबाईंच्या शेजारीच उभी होते. बघते तर त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधून टोकदार खिळा वर आलेला!  एक केसभर इकडेतिकडे झालं असतं तर?

सिस्टरबाईंनी खाली बघितलं. पाय हलवला नाही. वाकून फटीत म्हणाल्या, "सलीम, लहानपणी तुले सुया टोचल्या, त्याचा बदला घेऊन राह्यला का रे?"

 खालून बारीक आवाज आला, "अंग्रेजी साल तक माफी मांगूँगा, सिस्टरबाई!" अंग्रेजी साल म्हणजे काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

* * *

सिस्टरबाईंनी भिंतीवर तक्ता लावला, दवाखान्यात खाटेला असतो तसा. रोज सकाळी सहाला तापमान लिहायच्या. बाहेर लोक शेकोटीभोवती कुडकुडत असायचे, आणि आत कधी एकोणीस, कधी वीस. फार थंडी पडली त्या आठवड्यात साडेअठरा. कारखान्यात आल्या आल्या आम्ही आधी तेच विचारायचो. अठराच्या खाली एकदाही नाही!

जानेवारीत प्रकाश आला. तक्ता बघितला आणि म्हणाला, "तूच लिहिलंय ना हे?"

आणि मग कळलं की तो दोघांची तिकिटं काढूनच आला होता! चार दिवस राहून, अकरा वाजताच्या गाडीनं नागपूरला आणि तिथून विमान. आम्ही निरोप द्यायला गेलो तेव्हा दारात दोन बॅगा उभ्या. सिस्टरबाई खुर्चीत बसलेल्या, नवीन स्वेटर, हातात पर्स. आमच्याकडे बघत नव्हत्या.

सलीमभाईंना राहवलं नाही. "भाई, आपने जुबान दी थी."

प्रकाश वाईट माणूस नव्हता. त्याचेही डोळे लाल झाले होते. "सलीमभाई, मागच्या वर्षी आईच्या न्यूमोनियाचा फोन आला तेव्हा मी तिकडे किती घाबरलो ते मला माहीत. कापूस आहे हा. ओल धरली असेल आत्तापर्यंत. मी स्वतः दाखवतो तुम्हाला!"

आणि बूट काढून, इस्त्रीच्या पँटसकट तो घराखाली शिरला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आधी आत ठोकून बघितल्याचे आवाज येत होते, मग तेही थांबले. पंधरा झाली.

"प्रकाशभाऊ?" मी हाक मारली. उत्तर नाही.

भाभींनी वाकून बॅटरी मारली आणि बॅटरी हातातून पडली. "या अल्ला! हिलता नहीं है!"

मी पाहिलं. पांढऱ्या मोज्यांतले दोन पाय, वेडेवाकडे, गप्प. वंदना रडायलाच लागली. सलीमभाई माती उकरायला धावले. 

सिस्टरबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर खोलीच्या मधोमध बसल्या, कान फळीला लावला आणि हात वर केला. वॉर्डात करायच्या तसा. सगळे चिडीचूप.

फळीखालून घोरण्याचा आवाज येत होता. संथ, मोठा.

चार रात्री त्याला झोप नव्हती, तिकडचा दिवस आणि इकडची रात्र म्हणून. मिटलेले डोळे आणि कोरड्या फ्लेक्सवर टेकलेला गाल आम्ही नंतर पाहिला.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आत आला. "चला साहेब, टाइम झाला. कुठं आहेत?"

वंदनानं बोटानं जमिनीकडे दाखवलं.

ड्रायव्हर वाकून बघतच राहिला. मग घड्याळ बघितलं. "आजी, विमान चुकन ना! उठवा त्याईले!"

सिस्टरबाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. स्वेटर काढला, त्याची नीट घडी घातली.

"तुले जमत असंल तर तू उठव बाबा. मी माय आहो त्याची. अन् तो हॉर्न नको वाजवू!"