त्यातली मिलिंदची कुठली?

बातमी आली तेव्हा मी शिवऱ्याला हायवेवर भोरच्या एसटीची वाट पाहत उभा होतो. मिलिंदच्या धाकट्या भावाचा फोन होता. सकाळी दादाच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत… पुढचं त्याला बोलता येईना. एसटी आली, थांबली आणि निघूनही गेली. मी तिथंच उभा राहिलो. बाजूचा भेळवाला मला म्हणाला, "बसा काका जरा." मग मी बसलो.

मिलिंद भोरमध्ये वेबसाइट बनवायचा. आपल्या गावात हा धंदा कोण करणार, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पण पानशेतच्या बाजूला शनिवार-रविवारची घरं झाली, हॉटेलं झाली, वेल्ह्याच्या वर डोंगरात लोक तंबू ठोकून पुणेकरांना चांदण्या दाखवायला लागले आणि प्रत्येकाला वेबसाइट हवीशी झाली. बाजारपेठेतल्या एका खोलीत तो संगणक मांडून बसायचा. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. घरी वाट पाहणारं कुणी नाही. रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचो आणि त्याच्या साइटींचा मजकूर लिहून द्यायचो. 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द मी एकदाही लिहिले नाहीत, यावरून आमची कायम जुंपायची. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, असं त्याचं म्हणणं.

पहिली साइट त्यानं जीव ओतून केली होती. वेल्ह्याच्या वरच्या एका वस्तीवर कोंडीबा नावाचे शेळ्या-मेंढ्या पाळणारे गृहस्थ राहतात. पाहुणे उतरवायचे म्हणून त्यांनी अंगणालगत दोन खोल्या काढल्या. मिलिंद तिथं जाऊन राहिला आणि त्यांच्या घराच्या दाराचा फोटो काढून आला. साइट उघडली की आधी ते बंद दार दिसायचं. कडीला बोट लावलं की दार करकरत उघडायचं, आतून शेळ्या निघून जायच्या, मग चूल दिसायची आणि त्या चुलीवर बोट ठेवलं की फोन नंबर. मला तर ते इतकं आवडलं की मी चार-चार वेळा दार उघडून बघत बसलो. महिनाभरानं कोंडीबा भोरला आले. फेटा काढून मांडीवर ठेवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "दार लई झ्याक हाय वो. पर मानसं भायेरनंच माघारी जात्यात. त्या पानशेतवाल्यावानी करून द्या की."

पानशेतवाल्याची म्हणजे तुम्ही-आम्ही रोज बघतो तशी. वर रुंद फोटो, त्यावर मधोमध एक ओळ, खाली तीन गोल, त्यात तीन चित्रं, मग हसऱ्या पाहुण्यांचे चार शब्द आणि तळाशी फोनचं हिरवं बटण. मिलिंदनं ती करून दिली, आणि पाहुणे यायला लागले. त्यानंतर त्यानं सगळ्यांना तशीच दिली. मी त्याला खूप छेडायचो. "तुझ्या साइटी म्हणजे लग्नातला बँड, सगळ्यांना एकच डगला!" तो चिडायचा नाही. म्हणायचा, जेवायला बसल्यावर मीठ कुठं वाढतात? चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं, हे कुणी लिहून लावतं का? हात आपोआप जातो. पाहुण्यानं जेवायचं, का मीठ शोधत बसायचं? मग खरंही बोलायचा. तयार साचे मिळतात, मोबाईलच्या चिंचोळ्या काचेवर दुसरं काही नीट बसत नाही, आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याची साइट बघूनच येतं. तो शेजारीही दुसऱ्या कुणाची बघूनच आलेला असतो. "वेगळं करायला भीती वाटते रे सगळ्यांना," एकदा तो म्हणाला. "मलाबी वाटते."

तो गेल्यावर घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, आणि त्याच्या कामाविषयी मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. आदल्या दिवशी मी मोबाईलवर या भागातल्या साइटी उघडत बसलो. त्यातली एक तरी दाखवून म्हणावं, हा बघा आमचा मिलिंद. पण कुठल्या त्याच्या आणि कुठल्या दुसऱ्यांच्या, मला सांगता येईना. सगळीकडे तोच फोटो, तेच तीन गोल; कोंडीबांची त्याचीच हे ठाऊक होतं, पण दार गेल्यावर तीही बाकीच्यांसारखीच. माझाच मजकूरही मालकांनी केव्हा बदलून टाकला होता. जिथं बघावं तिथं निसर्गाची कुशी! इतकी वर्षं शेजारी बसलेला माणूस, आणि त्याच्या हातचं काही आपल्याला ओळखू येऊ नये… मला फार एकटं वाटलं. कार्यक्रमात मी कसाबसा उभा राहिलो, तो स्वभावानं चांगला होता असं काहीतरी बोललो आणि खाली बसलो.

नंतरही मी शोधत राहिलो. बाजारपेठेतल्या खोलीला कुलूप, संध्याकाळी जायचं कुठं? परवा दुपारी कोंडीबांची साइट पुन्हा काढली. शेळ्यांचे फोटो वर सरकवता सरकवता अंगठा तळाशी गेला आणि न बघताच हिरव्या बटणावर पडला. फोन लागला. काचेवर नाव आलं, मिलिंद.

मला काही कळेना. पलीकडून त्याच्या बायकोचा, संगीतावहिनींचा आवाज आला. "नमस्कार, बोला. किती जण येनार?" मी फोन कानाशी घट्ट धरला. मग त्यांनीच नाव पाहिलं असावं. "भावजी, तुमी व्हय?" म्हणाल्या. कोंडीबांच्या वस्तीवर रेंज येत नाही, म्हणून ह्यांनी स्वतःचाच नंबर टाकला होता. अशा वरच्या वस्त्यांवरच्या कितीतरी साइटींवर तोच आहे. फोन आला की हे दुधाच्या टेम्पोवाल्याकडं निरोप धाडायचे, आता त्या धाडतात. बंद कसा करायचा? पाहुणे बाहेरनंच परत जातील. हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं.

"दिवसभर वाजतोय, भावजी. सगळी परकी मानसं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नंबरावर वळकीचं कुनी फोनच करत न्हाई आता."

मी विचारलं, येऊ का?

"या की," वहिनी म्हणाल्या. "किती जण?"

"एकटाच आहे," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो.