गुरुवार सोडून दक्षिण अमेरिका

नाना गुरुवारी दाढी करत नसत. गुरुवारी ते प्रवास करत नसत, कुणाकडे जात नसत, दळण आणत नसत आणि कुणी अगदी दारात येऊन काम सांगितलंच, तर त्याला चहा पाजून "उद्या बघू" म्हणत परत पाठवत. कॉलनीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, माणूस दत्तभक्त असावा. एकदोघांनी त्यांना प्रसादाचे पेढेही नेऊन दिले. नानांनी पेढे खाल्ले आणि मग सांगितलं, "देवाचा काही संबंध न्हाई. हा विजेचा वार हाय."

विजेचा वार म्हणजे असं, की विजेच्या वाटणीत आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी आली होती. बाकीचं जग रविवारी उशिरा उठायचं आणि आमच्याकडे रविवारी सकाळी भोंगे वाजायचे. मी शाळेत भूगोल शिकवत असे, मला सुट्टी रविवारची. माझा नवरा कारखान्यात, त्याला गुरुवारची. दोघांना एकत्र सुट्टी मिळायची ती दिवाळीत. कॉलनीतली निम्मी घरं अशीच होती आणि त्याचं कुणी विशेष वाटून घेत नसे. नानांनी मात्र रिटायर झाल्यावरही गुरुवार सोडला नाही. आता तुम्हाला कसली साप्ताहिक सुट्टी, असं माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना विचारलं. नाना म्हणाले, "काम संपलं म्हणून सुट्टी कशी संपंल, राव?"

बासष्टच्या सुमाराला पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता, तेव्हा नाना चाकणजवळच्या आपल्या गावातून सायकलवर आले आणि यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले. स्टोअरमधून चढत चढत ते प्लॅनिंग खात्यात पोचले आणि तिथेच मुरले. कोणता सुटा भाग कोणत्या मशीनवर कधी चढवायचा, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांची पद्धत एकच होती. माल फाटकाबाहेर पडायचा दिवस आधी धरायचा आणि तिथून एकेक पायरी मागे यायचं. मुलीच्या, सुमनच्या लग्नातही त्यांनी अक्षता पडायची वेळ धरली आणि मागे येत येत गहू निवडण्यापर्यंत पोचले. लग्न देखणं झालं. फक्त गुरुवारचा मुहूर्त मिळत असताना नानांनी तो नाकारला आणि सगळ्या कॉलनीला रजा टाकून लग्नाला यावं लागलं. "लग्न म्हणजे काम," ते म्हणाले. "गुरुवारी काम न्हाई." त्या रजेचा उल्लेख काही मंडळींनी पुढे कित्येक वर्षं केला.

सुमनचा नवरा इंजिनिअर. लग्नानंतर त्याला ब्राझीलमध्ये, साओ पावलो शहरात नोकरी मिळाली आणि सुमन तिकडे गेली. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्या शहराचं नाव कधी घेतलं नाही. त्या 'सुमीचं गाव' म्हणत. त्या गावात त्यांना नातू झाला, तो चालायला लागला, बोलायला लागला, आणि हे सगळं काकींनी फोटोतच पाहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी करता आलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. स्वतः त्यांनी आळंदी आणि पुण्याच्या दोनचार फेऱ्यांपलीकडे प्रवास केलेला नव्हता. गुडघे दुखायचे, जिना चढताना दम लागायचा. एकोणऐंशी साली सुमनने कळवलं, की तुम्ही दोघं या, तिकिटं आम्ही पाठवतो, इथला सगळा भार आमच्यावर. काकींनी त्याच संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. नाना माझ्याकडे नकाशा मागायला आले.

शाळेत दक्षिण अमेरिकेचा भिंतीवरचा एक नकाशा होता, चिलीच्या बाजूने फाटलेला आणि मागून कापड चिकटवलेला. मुख्याध्यापकांना विचारून मी तो नानांना दिला. त्यांनी तो दिवाणाच्या वर टांगला आणि बराच वेळ त्याच्यापुढे उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, एवढ्या लांब जायचं आन् एकाच शहरात बसून यायचं? मुंबईला ट्रक पाठवला तर आपण तो अर्धा रिकामा आणतो का?" त्या क्षणी लेकीकडे जाणं मागे पडलं आणि सात आठवड्यांची दक्षिण अमेरिका सुरू झाली. साओ पावलो, तिथून रिओ, मग इग्वासूचा धबधबा, ब्यूनोस आयर्स आणि शेवटी अँडीजच्या डोंगरातलं इंका लोकांचं जुनं शहर.

हा प्रवास म्हाताऱ्या माणसांचा आहे, हे मात्र नाना एक क्षणही विसरले नाहीत. त्यांचे नियम ठरलेले होते. एका दिवसात एकच गोष्ट पाहायची. जेवल्यावर आडवं व्हायचंच. जिना असलेल्या हॉटेलात उतरायचं नाही. बॅग उघडून लावण्यातच म्हातारी माणसं दमतात, म्हणून कुठल्याही गावातून चार रात्रींच्या आत हलायचं नाही. काकी उचलू शकणार नाहीत असं एकही सामान घ्यायचं नाही. आणि गुरुवार मोकळा, मग तो रिओमधला असो की ब्यूनोस आयर्समधला. मी म्हटलं, "नाना, तिकडे सुट्टी रविवारी असते." ते म्हणाले, "त्यांची असंल."

कारखान्यात नवीन काम घेण्याआधी ट्रायल घेतात, तशी नानांनी काकींची घेतली. दोन लोखंडी खुर्च्या एकापाठोपाठ इतक्या जवळ मांडल्या, की मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या पाठीला टेकावेत. मागच्या खुर्चीत काकी बसल्या. विमानात बसावं लागतं तसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, ताट मांडीवर घ्यायचं, मधूनमधून उठून न्हाणीपर्यंत चालून यायचं. नाना घड्याळ घेऊन फेऱ्या मारत होते. कॉलनीतल्या बायका येऊन काकींची चौकशी करून जात होत्या. मी गेले तेव्हा काकी मटार सोलत होत्या. "बाई," त्यांनी मला विचारलं, "इमानात मटार सोलू देत्यात का हो? नुसतं बसायचं म्हन्जे लई वंगाळ." संध्याकाळी त्यांच्या पायांना सूज आली होती. नानांनी पायाखाली घ्यायला एक बुटकं लाकडी स्टूल करवून घेतलं आणि प्रवासात आणखी एक विश्रांतीचा दिवस वाढवला.

पुढची ट्रायल बुटांची. नऊवारी लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून काकी रोज सकाळी नानांबरोबर चिखलीच्या रस्त्याने चालायला जाऊ लागल्या. हा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतांचा होता आणि शेतातल्या बायका काम थांबवून बघत राहत. काकींना त्याचं काही वाटलं नाही. सुमीकडे जायला बूट लागत असतील तर बूट, इतकंच त्यांचं म्हणणं.

आता गंमत अशी, की नाना जसजसा प्रवास सुखाचा करत गेले, तसतसा तो पुढे पुढे जाऊ लागला. इंकांच्या शहराची उंची त्यांनी मला विचारली. मी सांगितलं, आपल्या कळसूबाईपेक्षाही खूप वर आहे. नानांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, तिथे काकी पाट्यावर वाटता वाटता थांबून दम खात होत्या. "डोंगर बाद," ते म्हणाले, आणि सगळी आखणी पुन्हा केली. मग जायचा महिना मे ठरला, तेव्हा मीच तोंड उघडलं. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे असतात, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा, ब्यूनोस आयर्सला चांगलीच थंडी असेल. नाना चपापले. इतकी मोठी गोष्ट आपल्या हातून सुटली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी माझे आभार मानले आणि प्रवास दिवाळीनंतर ढकलला. काकी मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी कशाला सांगितलंत? वाजली असती थंडी तर वाजली असती."

दिवाळी आली. चटणी तीनदा कुटून झाली होती आणि तीनदा शेजारीपाजारी वाटून झाली होती. अशातच एका रविवारी पुण्याच्या तिकीट एजंटचं आलेलं पत्र नाना मला वाचून दाखवत होते. वयस्कर माणसांना सोयीचं एकच विमान आहे, वाटेत एकदाच बदलायचं, बदलताना मदतीला माणूस मिळतो. ते आठवड्यातून एकदा जातं, गुरुवारी. बाकीच्या वारी जायचं तर तीन विमानं आणि मध्ये रात्रभर बाकावर बसणं. नानांनी पत्राची घडी घातली. "मग थांबू," ते म्हणाले. "त्याला म्हणतो, दुसरं काही तरी बघ."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "किती दिस थांबायचं?"

"सोयीचं मिळंल तवर."

"गुरुवार कुनाचा हाय?" काकींनी विचारलं.

काकींनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, सुमी ल्हान असताना हे डबल पाळी करायचे. सण न्हाई, वार न्हाई. पोरीला बाप ठावा तो झोपलेलाच. मंग कारखान्याला गुरुवारची सुट्टी लागली. हे मला म्हनले, आजपासून गुरुवार तुजा, त्या दिशी कुटं जानार न्हाई, कुनाचं काम करनार न्हाई. आन् न्हाई केलं. खोटं कशाला बोलू." मग त्या नानांना म्हणाल्या, "माजाच हाय न्हवं गुरुवार? मंग मला त्या दिशी सुमीकडं जायचंय."

इतकी वर्षं शेजारी राहून नानांच्या गुरुवारचा हा अर्थ मला माहीत नव्हता. आम्ही सगळे त्याला माणसाचा हट्ट समजत होतो आणि हसत होतो. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फक्त "बरं" म्हणाले.

निघायच्या गुरुवारी सकाळी मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडे गेले. मुंबईला जायची टॅक्सी दारात उभी होती. काकी बूट घालून, मांडीवर ते बुटकं स्टूल घेऊन आधीच आत बसल्या होत्या. नाना ओसरीत आरशापुढे उभे राहून दाढी करत होते. गुरुवारी दाढी करायची सवय नसल्याने असेल, हनुवटीला एक ठिकाणी कापलं होतं.

सात आठवड्यांनी दोघं परत आले. काकी तब्येतीने सुधारल्या होत्या. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "धबधबा कसा होता?"

"पाहिला न्हाई," नाना म्हणाले.

रिओ? तेही नाही. ब्यूनोस आयर्सचं तर नावच निघालं नाही. जावयाने धबधब्याची तिकिटं काढली होती. पण जायच्या सकाळी नातू काकींच्या कुशीत झोपला होता आणि त्याला उठवायला काकी तयार होईनात. तुम्ही जाऊन या, त्या नानांना म्हणाल्या. नानाही गेले नाहीत. मग ते सुमनच्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत, नातवाला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणत, दुपारी आडवे होत. "सात आठवडे तिकडं रोज गुरुवारच होता, बाई," ते म्हणाले. मी विचारलं, मग एवढ्या प्लॅनचं काय झालं? "प्लॅन चांगलाच होता," नानांनी शांतपणे सांगितलं. "वापरायची गरज पडली न्हाई." इतका खूश झालेला माणूस मी कॉलनीत दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने काकी गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. सुमनला शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. ती दहाव्याला पोचली, मुलाला घेऊन. चारआठ दिवस ती घरात नानांकडे बघत राहिली आणि मग तिने ठरवलं, की नानांना आता तिकडेच न्यायचं. नानांनी वाद घातला नाही. त्यांनी खुर्च्या, भांडी ज्याची त्याला देऊन टाकली आणि शाळेचा नकाशा सुतळीने बांधून मला परत आणून दिला.

शाळेला मेची सुट्टी होती, म्हणून तिकिटांसाठी पुण्याला त्या दोघांबरोबर मीही गेले. एजंट तोच होता. आता विमानं वाढली होती. त्याने वही पुढे ओढली आणि विचारलं, कोणत्या वाराचं काढू? सुमन नानांकडे बघायला लागली. त्यांच्या आधी इतक्या वर्षांच्या सवयीने मीच बोलून गेले, "गुरुवार सोडून कुठलंही बघा."

"नको," नाना म्हणाले. "कोणताही वार चालंल."

काकी गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरातली कामं पाहत होते, मला रडायला सवड झाली नव्हती. त्या टेबलापाशी मला रडू आलं. तो दिवस गुरुवारचा होता, आणि नाना सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले होते.