आमच्या घरी नसलेला फ्रिज

आमच्या चाळीत कर्जाच्या हप्त्यांचे किस्से कधी संपत नाहीत. नळावर एकीने सांगायला सुरुवात केली, की बादली भरेपर्यंत दुसरीचा तयार असतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो! मी आपली ऐकत उभी असते. पण आता आमच्या घरचेच इतके साठलेत, की एकदाचे सांगून टाकते.

*

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत एक पद्धत आहे. ज्याचा पगार बँकेत जमा होतो, त्याने शेजाऱ्याला ‘नाव द्यायचं’. म्हणजे वस्तू शेजाऱ्याची, हप्ताही तोच भरणार, फक्त कर्ज आपल्या नावावर.

बाबा लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. हप्त्यावर वस्तू देणाऱ्या एका दुकानदाराने त्यांचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली पत, बघितला आणि ओरडला, "सातशे ऐंशी! भाऊ, एक नंबर!" बाबांनी तो आकडा सगळ्या मजल्याला सांगितला. ताईच्या बारावीच्या मार्कांचं एवढं कौतुक झालं नव्हतं.

लगेच शेजारचे बबनकाका आले. "फ्रिज घ्यायचाय रे. माझं नाव फायनान्स कंपनी घेत नाही. तुझं दे ना."

"नावाला काय पैसे पडतात? घे!" बाबा म्हणाले.

फ्रिजनंतर टीव्ही. टीव्हीनंतर फोन.

*

बबनकाकांची नोकरी गेली आणि हप्ते थांबले. ते आम्हाला कळलं वसुलीवाला दारात आला तेव्हा. सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पैसे थकवता आणि थंड पाणी पिता? दाखवा फ्रिज, आत्ता उचलून नेतो!"

आई रागावली की मालवणीत बोलते. "ये, आत ये! फ्रिज खय आसा तो तूच शोध!"

आमची खोली ती केवढी. त्याने खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं. मग घाम पुसत हळूच म्हणाला, "पाणी तरी द्या."

आईने माठातलं दिलं.

*

त्याच महिन्यात ताईला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. फीसाठी शिक्षणाचं कर्ज काढायचं होतं. त्यावर ताईबरोबर बाबांचीही सही हवी होती, आणि बँकेने बाबांचा स्कोअर बघून नाही म्हटलं. थकलेले हप्ते त्यांच्या नावावर होते ना!

बाबांनी हार मानली नाही. परळपासून दादरपर्यंत दिसेल त्या फायनान्स कंपनीत अर्ज केला, मोबाइलवरून केले ते वेगळेच. "कोणीतरी हो म्हणेलच की!"

शेवटी आम्ही प्रधान काकूंकडे गेलो. त्या माटुंग्याला राहतात, बँकेतून रिटायर झाल्यात आणि दर रविवारी आमच्या मंडळाच्या खोलीत बसून कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देतात. बाबांचा क्रेडिट रिपोर्ट बघून त्यांनी चष्माच काढला.

"अहो, इतके अर्ज? प्रत्येक कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते आणि स्कोअर आणखी घसरतो. आधी अर्ज करणं थांबवा!"

"आज सकाळीच एक केलाय," बाबा म्हणाले.

*

मग वसुलीवाल्याचा फोन आला, की अर्धे भरा, सेटल करून टाकतो. बाबा खुशीत काकूंकडे धावले.

"सेटल नको," काकू म्हणाल्या. "रिपोर्टवर तसा शिक्का बसला की बँका पुढे कितीतरी वर्षं जवळ करत नाहीत. जमेल तसे भरा, पण पूर्ण भरा, आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या."

"म्हणजे वापरलं त्यांनी, आणि पूर्ण भरायचं मी?"

"नाव तुमचं आहे ना."

"भरले तर स्कोअर सुधारेल?"

"सुधारेल की. दोनेक वर्षांत."

ताईची फी भरायची मुदत शुक्रवारी संपत होती.

*

काकू म्हणाल्या, बाबांऐवजी आईची सही चालते का बघा. आई पोळीभाजीचे डबे करते. आयुष्यात तिने कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं.

"मॅडम, तुमचा स्कोअरच येत नाही. कर्जाचा काही इतिहासच नाही."

"घेतलंच नाही कधी!" आई ताठ बसून म्हणाली.

"तोच तर प्रॉब्लेम आहे. त्यात पगाराची स्लिपही नाही."

येताना पुलावर आई म्हणाली, "आपण पण एखादा मिक्सर हप्त्यावर घ्यायला पाहिजे होता."

*

शुक्रवार गेला. ताईला परळच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. काम काय, तर थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करायचा! ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, घरी कोणाला तरी कस्टमर बनवून सराव करा.

तिने आधी मला बसवलं, पण मी लगेच ‘भरते, भरते’ म्हणून मोकळी झाले. तेव्हा बाबा म्हणाले, "सरक. मी होतो कस्टमर."

ताईने कानाला मोबाइल लावला. समोर छापील कागद. आवाज एकदम वेगळा. "नमस्कार सर. तुमचे तीन हप्ते थकलेत. कधी भरताय?"

बाबा खाटेवरून उठून उभे राहिले.

"मॅडम, मुलीची ॲडमिशन आहे. एवढा महिना थांबा."

ताईने कागदावर बोट ठेवून पुढची ओळ शोधली.

"कारण नको, सर. तारीख सांगा."