काळी चारची पुडी

ती दुपार मी विसरायला तयार आहे, पण घरचे विसरू देत नाहीत. पाहुणे आले, जेवणं आटोपली, की सौभाग्यवती हळूच म्हणते, "अहो, ती पुडीची केस सांगा की." नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, खुनांचे तपास केले. घरात माझी कीर्ती मात्र या एकाच गुन्ह्यावर, आणि त्यात गुन्हाच नव्हता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी शिरूरला नवाकोरा फौजदार होतो. कमरेचा पट्टा करकरत होता आणि अक्कल पट्ट्याहून जास्त करकरत होती. त्या काळी वडगाव रासाईला वैशाखात, भीमेच्या वाळवंटात, तीन दिवसांचं गाण्याचं संमेलन भरायचं. दिवसा भजनी मंडळांच्या स्पर्धा, संध्याकाळी पुण्याच्या एका बाईंचं गाणं. पाणी आटून नदी एका कडेला गेलेली, वाळूत कलिंगडाच्या वाड्या, आणि मधोमध बाभळीच्या मेढी रोवून घातलेला मांडव. अख्खं गाव फांद्या अंथरायला त्या मांडवावर चढलेलं. बंदोबस्तासाठी आम्ही चावडीत तात्पुरती चौकी थाटली होती.

संमेलन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमचे हवालदार न्हावऱ्याच्या एसटी थांब्यावर साध्या वेशात चहा पीत बसले होते. साधा वेश म्हणजे डोक्यावरची टोपी काढलेली; खाली खाकी चड्डी तशीच. धापा टाकत आले आणि चावडीचं दार लावून घेतलं.

"साहेब, माल येतोय. उद्या दुपारी. राहूवरनं, नदीतनं."

"कसला माल?"

"पुड्या."

दोघा जणांचं बोलणं त्यांनी कागदावर उतरवून आणलं होतं: 'काळी चारची पुडी राहूचा चाचा स्वतः आणतोय. तीन दिवस पुरली पायजे. बाईंना काळी चारच लागती. मागल्या साली दुसऱ्यानं पांढरी चार आणली, रंग चढला न्हाई, बाई पहिल्याच दिवशी उठून गेल्या.'

दारूबंदीचे दिवस. चोरटी दारू, गांजा, अफू हेच आमचं रोजचं भजन. काळी म्हणजे अफू, हे मी तत्काळ ओळखलं. पांढरी म्हणजे काय ते कळेना; पण वरिष्ठांना विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून विचारलं नाही. पुण्याच्या बाईंना व्यसन आहे, हे तर स्वच्छच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता आम्ही उताराजवळ कलिंगडाच्या वेलांत आडवे पडून राहिलो. हवालदारांच्या उशाला एक कलिंगड होतं. माल दिसेपर्यंत ते निम्मं झालं होतं.

साठीचे एक चाचा लुंगी वर खोचून गुडघाभर पाण्यातून आले. डोक्यावर पत्र्याचा डबा, डब्यावर ओलं फडकं. मी शिट्टी फुंकली. चाचा दचकले नाहीत. उलट म्हणाले, "बरं झालं, मदतीला आलात. डबा जड न्हाई, पर जपून न्यायचाय."

सराईत दिसतोय, मी मनात म्हटलं.

पंचांशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम. मी हवालदारांना पिटाळलं. "दोन प्रतिष्ठित पंच आणा. कशासाठी ते कुणाला सांगायचं नाही." आणि इकडे चाचांना चावडीत बसवून चौकशी सुरू केली. ट्रेनिंगमध्ये एक युक्ती शिकलो होतो: संशयिताला आधी सांगायचं की आम्हाला सगळं माहीत आहे. मग तो आपोआप बोलतो.

"आम्हाला सगळं माहीत आहे," मी टेबलावर हात आपटून म्हणालो.

"मंग बरं झालं," चाचा घाम पुसत म्हणाले. "समजवायचा तरास वाचला."

"काळी चारच आहे ना?"

"अस्सल! पांढरी आणली असती तर तोंड दाखवलं असतं का?"

"बाईंसाठी?"

"व्हय. औंदा त्या माझ्या शब्दावर यायला तयार झाल्या. म्हणाल्या, चाचा स्वतः आणून बसवणार असतील तरच येते. दिवेलागणीला बसायच्यात, साहेब. आता सोडा मला."

माझी लेखणी पळत होती. इतका सरळ कबुलीजबाब पुढे कधी मिळाला नाही.

"आणखी कुठे पुरवता?"

"शिरूर, दौंड, सगळीकडं. बापानं बी हेच केलं. देवळादेवळात माझीच असती."

"देवळात?"

"मंग भजनाला काय हातावर हात धरून बसायचं?"

मी 'धार्मिक स्थळांचा गैरवापर' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"तयार कशी करता?"

"लोखंडाचा भुगा, काजळी, भाताची खळ. थरावर थर द्यायचा आन् घोटायचं."

लोखंडाचा भुगा माणसांच्या पोटात! तेही मी टिपलं.

तासभर झाला, पंचांचा पत्ता नाही. चाचांचा सूर आता बदलला. ते सारखे डब्याकडे बघू लागले. "साहेब, फडक्यावर जरा पाणी मारू द्या. गजरा वाळला तर बसायचा न्हाई. बाई आल्या पावली माघारी जातील. इतक्या वर्षांत शब्द खाली पडला न्हाई माझा."

"पुराव्याला हात लावायचा नाही!" मी गरजलो. 'गजरा' हाही सांकेतिक शब्द म्हणून टिपून ठेवला. चाचा भिंतीला टेकून बसले. पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

अखेर हवालदार आले. मागे धुवट कपड्यांतले शाळेचे गुरुजी, काखेत बाजाची पेटी. त्यांच्या मागे नवा पटका बांधलेले, फुलांचा मळा करणारे एक आप्पा.

"फौजदारसाहेब, हा मान दिलात, आभारी आहे," गुरुजी म्हणाले. "गुण शंभरपैकी द्यायचे का पन्नासपैकी?"

मी हवालदारांकडे पाहिलं.

"कशासाठी ते सांगायचं न्हाई, असं तुम्हीच म्हणालात," हवालदार कुजबुजले. "मी मांडवाखाली उभं राहून 'पंच पायजेत' एवढंच वरडलो. लोकांना वाटलं भजनाच्या स्पर्धेला. चौदा जण खाली उतरले, साहेब. भांडणं लागली. त्यातनं हे दोघं निवडले."

मी डबा उघडला. आत दोन गोल कातडी चकत्या. मधे काळाभोर वाटोळा ठिपका, कडेला वेणीसारखा गोफ. मी एक नाकाशी धरून अफूचा वास घेतला.

"वा चाचा, शाई काय बसलीय, गजरा काय गुंफलाय!" गुरुजी ओरडले. "साहेब, तबल्याच्या पुडीचा वास कसला घेताय? काळी चारची का हो?" त्यांनी पेटी उघडली, भाता हलवला आणि चौथी काळी पट्टी दाबली. "ही काळी चार. बाईंचा गळा या सुराचा आहे."

चावडीत तो सूर बराच वेळ घुमत राहिला. मला तरी तसं वाटलं.

"आन् ही कडंची येणी म्हंजी गजरा व्हय?" आप्पा म्हणाले. "मला वाटलं, फुलांची ऑर्डर हाय."

"चाचा," मी म्हटलं, "तबल्याची पुडी आहे, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, सगळं ठावं हाय."

हवालदार कलिंगडांच्या बंदोबस्ताला निघून गेले.

चाचांनी गजऱ्यावर अंगठा दाबला. तो कडक लागला. "वाळला," एवढंच ते म्हणाले. मी चौकीचा माठ उचलला आणि फडकं भिजवून गजऱ्याभोवती गुंडाळलं. नंतर माठ तसाच काखोटीला मारून, डबा घेऊन, त्यांच्यामागे मांडवाकडे पळालो. वाळूत बूट रुतत होते, पाणी वर्दीवर सांडत होतं, आणि मेढींवरून सगळं गाव बघत होतं.

गजरा भिजायलाच ऊन कलंडलं. "एरवी वादी दिसभर वढतो, सावकाश," चाचा म्हणाले. "आता येळ न्हाई. जोर पायजे."

मी पट्टा काढला, वाळूत बसलो, तबल्याचं खोड पायांत धरलं आणि चामड्याची वादी खेचू लागलो.

"आवळा, साहेब! चोर समजून आवळा!"

मांडवावरून हशा पिकला. एकानं विचारलं, "फौजदारसाहेब, कबूल झाला का?"

दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या. गुरुजींनी काळी चार दाबून धरली. चाचांनी हातोडीनं कड ठोकली, बोटानं वाजवून पाहिलं, पुन्हा ठोकली. तबला अजून पेटीच्या सुराखाली बोलत होता. बाई येऊन बैठकीवर टेकल्या. चाचांनी आणखी दोन ठोके घातले आणि एकदम पेटी कुठली, तबला कुठला कळेना. बाईंनी मान हलवली. तंबोरे सुरू झाले. त्या तिन्ही दिवस गायल्या.

"चाचा, एवढा उशीर का झाला?" असं पहिल्याच रात्री कुणीतरी विचारलं. माझ्या फोड आलेल्या तळहातांकडे बघून चाचा म्हणाले, "झाला असता आणखी. साहेबांनी मदत केली."

पुढच्या सगळ्या नोकरीत 'आम्हाला सगळं माहीत आहे' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी समोरच्याला म्हणायचो, "मला यातलं काही कळत नाही, समजावून सांगा." माणसाला समजावून सांगायची फार हौस असते, आणि चोराला सर्वांत जास्त. कित्येक गुन्हे मी केवळ अडाणीपणावर उघडकीस आणले.

मात्र कुणाला ताब्यात घेतलं तर डायरीत नोंद करावीच लागते. त्या रात्री मी दोन कागद फाडले आणि तिसऱ्यावर लिहिलं: 'पुडी नग दोन पंचांसमक्ष तपासल्या. माल सुरात आढळल्याने इसमास सोडून दिले.'

महिन्याभरानं वरिष्ठ तपासणीला आले. त्यांनी ती नोंद वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि लाल शाईनं समासात शेरा मारला: 'माल सुरात होता हे समजले. तपास कोणत्या पट्टीत होता?'