आजेसासऱ्यांचं नाक

लाखनीच्या सोनाराकडे ती बाई मला एकदाच दिसली. अक्षय तृतीयेला पितरांना जेवू घालायचं, म्हणून देवघरातले पूर्वजांचे चांदीचे टाक उजळायला घेऊन आली होती. पदराची गाठ सोडून तिने एकेक टाक काचेवर ठेवला आणि दर वेळी बोट कपाळाला लावलं. शेवटचा मी चटकन उचलला. मला जुन्या नाण्यांचं वेड आहे. तो टाक नव्हताच, रोमन बादशहाचं नाणं होतं. हळदी-कुंकवाच्या थराखाली डोक्यावरचा पानांचा मुकुट अजून शाबूत होता.

"हे आमचे आजेसासरे," ती म्हणाली. "नाक पाहा ना भाऊ, आमच्या घरी सगळ्याइचं असंच हाये."

मला राहवलं नाही. हा सातासमुद्रापलीकडचा राजा, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला, असं मी सांगून टाकलं. वर, नाणं विकता का, हेही विचारलं.

ती माझ्या हातातल्या नाण्यावर वाकली.

"त्याइच्या घरी कोनी हाये का आता, जेवू घालाले?"

"आता कोण असणार?"

तिने नाणं माझ्या हातून काढून सोनारापुढे ठेवलं.

"मंग आमच्याच घरी जेवू द्या त्याइले. सोनारभाऊ, नाक जरा हळू घासजा."