काढून ठेवलेला रिले

धुळ्यात पारोळा रस्त्यावर आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. नवरा ट्रकखाली, मी काउंटरवर. बल्ब, फ्यूज, वायर विकता विकता मलाही काम कळायला लागलं. दुकान बंद केलं त्या वर्षी त्यांनी एक जुनी गाडी आणली. नाशिकच्या कुणा हौशी माणसाची, टर्बोची, जमिनीला चिकटून चालणारी. आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक दुरुस्त केले, आता आपल्यासाठी एक पळणारी गाडी, असं त्यांचं म्हणणं. मला ती बसायला-उठायला गैरसोयीची वाटली आणि मी तसं सांगितलंही.

"तुले ट्रकमा बसाडू का मंग?" ते म्हणाले.

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण विजेच्या बारीकसारीक कुरबुरी संपत नव्हत्या. डावी काच अर्ध्यावर थांबायची. ब्रेक दाबला की मागचा एक दिवा मंद व्हायचा. कधी वायपर आपोआप एकदा फिरून गप्प बसायचे. एका वायरचं आवरण उंदरांनी कुरतडलं होतं. सकाळी चहा झाला की आम्ही अंगणात गाडीशी. वीज कुठवर येते ते बघायला ते टेस्ट लॅम्पची पिन टेकवायचे, मी किल्ली फिरवायची. त्यांची पद्धत ठरलेली: आधी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं वायरचं टोक, बघायचा, मग फ्यूज, मग रिले, आणि वायर सगळ्यात शेवटी. वायरला आधी हात लावणाऱ्याला ते कारागीर मानतच नसत. मागच्या दिव्याचा अर्थ गंजलेला निघाला. घासून बसवल्यावर दिवा लख्ख लागला, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते जणू दिव्याचा शोध त्यांनीच लावला.

विसरणं हळूहळू सुरू झालं. पाना कुठे ठेवला, चहा झाला का, असं. मग एका दुपारी शिंदखेड्याहून एका टायरवाल्याचा फोन आला. "अक्का, भाऊ इथे बसलेत. गाडी चालू आहे, पण कुठे जायचं ते आठवत नाही म्हणतात." मी दिराला घेऊन गेले. ते बाकावर उसाचा रस पीत बसले होते. मला बघून म्हणाले, "तू इथे कशी?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गाडी बंद करायला सांगितलं. मी किल्ली लपवली. ती चूक ठरली. त्यांनी घरभर शोधली, शेजाऱ्यावर आळ घेतला, जेवले नाहीत. मी किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि बॉनेट उघडून एक रिले उपटला. काड्यापेटीएवढी काळी डबी. इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप तिच्यामुळे चालतो. ती नसली की स्टार्टर फिरत राहतो, इंजिन काही पकडत नाही. ती मी बाजरीच्या पिठाच्या डब्यात टाकली.

याने भांडण झालं नाही. उलट त्यांना काम मिळालं. "चालू होत नाही," एवढंच म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या. अर्थ बघितला, फ्यूज बघितले. मी भाजी निवडत ओट्यावर बसले होते. थोड्या वेळाने गाडी धडधडली.

मी धावत गेले. त्यांनी हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवला होता. दोन्ही एकाच मापाचे असतात. रस्त्यात अडकलेला ट्रक मार्गी लावायला ते हाच उपाय करत. हे मला सुचायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीच्या आधी आनंद झाला. मी शेजारी जाऊन बसले.

बायपासपर्यंत त्यांनी गाडी अशी नेली की आजारपण खोटं वाटावं. मग कापसाची ट्रॉली आडवी आली. त्यांनी हॉर्न दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, ब्रेककडे पाय गेलाच नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी फरफटत बाजूला गेली आणि मातीत थांबली. ट्रॉलीवाला शिव्या देत पुढे गेला.

"हॉर्न गेला," ते म्हणाले. "कशाने गेला असेल?"

"बघू घरी गेल्यावर," मी म्हणाले आणि जागा बदलून गाडी घरी आणली.

त्यानंतर मी हॉर्नचा रिलेही काढून डब्यात टाकला. त्याच मापाचा आणखी एक होता, रेडिएटरच्या पंख्याचा. तो तसाच ठेवला आणि बॅटरीची एक वायर ढिली केली, म्हणजे रिले बदलला तरी गाडी जागची हलायची नाही. दीर म्हणाला, "वहिनी, वायर ढिली आहे, बस झालं. रिलेचा खेळ कशाला?" ते पंख्याच्या रिलेपर्यंत पोचतात का, ते मला बघायचं होतं.

पहिल्याच सकाळी पोचले. तो काढून पंपाच्या जागी बसवला, आणि किल्ली फिरवूनही काही होईना म्हटल्यावर माझी ढिली वायरही पकडली. मीच जवळ उभी राहून "चहा घ्या आधी" म्हणत त्यांना आत नेलं आणि सगळं पुन्हा होतं तसं करून ठेवलं. असे बरेच दिवस गेले. मी बिघाड करायची, ते शोधायचे, मी पुन्हा करायची. दिवाळीच्या सुमाराला ते फ्यूजपर्यंत जाऊन थांबायला लागले. नंतर थेट वायरींना हात घालायला लागले, या टोकाची ओढ, त्या टोकाची ओढ.

थंडी सरता सरता एका सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिले. टेस्ट लॅम्प हातात होता. त्याची पिन त्यांनी बोटावर टेकवून बघितली. मग लॅम्प काळजीपूर्वक माझ्याकडे दिला.

"एखादा चांगला वायरमन बोलव," ते म्हणाले.

पारोळ्यापासून शिरपूरपर्यंतचे लोक ज्यांना बोलवायला यायचे, ते हे म्हणत होते. पंख्याचा रिले समोर, जागेवर होता. मी बोट दाखवलं असतं. पण बोट दाखवल्याने काय झालं असतं?

मी घरात गेले, डब्यातून दोन्ही रिले काढून आणले, बाजरीचं पीठ पुसलं. लपवायचं आता कारण उरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत एक बसवला, दुसरा बसवला, बॅटरीची वायर आवळली. ते हात मागे बांधून, जरा अंतर ठेवून उभे होते, गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"झालंच," मी म्हणाले.